जिन्याखालच्या पत्त्यावर आलेलं पत्र

नमस्कार श्रोतेहो.

‘हॅरी पॉटर’ ही मुलांसाठीची सात भागांची कादंबरीमालिका एवढी गाजली कशामुळे, असं विचारलं की पुष्कळ जण ‘जाहिरातबाजी’ म्हणून मोकळे होतात. मला ते मुळीच पटत नाही. 1997 साली लंडनच्या ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने पहिला भाग काढला, तेव्हा पुठ्ठाबांधणीच्या जेमतेम 500 प्रती छापल्या होत्या. नव्या भागासाठी मध्यरात्रीच्या रांगा, दुकानांतली सजावट हे सगळं नंतरचं. मुलांना गोष्ट आधी आवडली.

का आवडली? जादूची पुस्तकं इंग्लंडात आधीही ढिगाने होती. माझ्या मते सारं मर्म एका पाकिटात आहे. हॅरी पोरका, मावशीकडे वाढणारा. जिन्याखालच्या कपाटात झोपतो, मावसभावाचे ढगळ कपडे घालतो. एक दिवस त्याच्या नावाने पत्र येतं आणि पाकिटावर पत्ता असतो, ‘जिन्याखालचं कपाट’! काका पत्र हिसकावून घेतात, घाबरून त्याला माडीवरची छोटी खोली देतात. तर पुढच्या पाकिटावर त्या खोलीचा पत्ता. घरात ज्याला कुणी विचारत नाही, तो नेमका कुठे झोपतो हे कुणाला तरी ठाऊक आहे. अकरा वर्षांच्या मुलाला याहून मोठी जादू कोणती दाखवणार?

ते पत्र असतं जादूच्या शाळेचं. पुढे किल्ल्यातली ती शाळा येते, आणि तिथेही वेळापत्रक, गृहपाठ, एक खडूस मास्तर आणि वार्षिक परीक्षा आहेच. मराठी अनुवाद वाचणाऱ्या आपल्या मुलांनी किल्ल्यातलं वसतिगृह पाहिलेलं नसेल, पण वर्गात सर्वांदेखत अपमान होणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि हॅरी मोठा होत जातो. दर भागात एक वर्षाने. सातवा भाग 2007 मध्ये आला, तोवर पहिले वाचक विशीत पोचले होते. चौथ्या भागानंतर पाचवा यायला तर तीन वर्षं गेली. त्या काळात मुलं तर्क लढवत होती, भांडत होती, जुने भाग पुन्हा वाचत होती.

आता सातही भाग एकदम हाती येतात. चौथ्या भागात एका विद्यार्थ्याचा खून होतो, तिथून गोष्ट गडद होत जाते. म्हणून पालकांना माझं सांगणं, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पहिले तीन भाग खुशाल द्या. चौथा मात्र त्याच्यासोबत बसून वाचा.