उन्हाळ्यात म्हाताऱ्या कोंबडीपर्यंत पाणी पोहोचतं का?

नमस्कार मंडळी. दुपारचे साडेबारा वाजलेत आणि विदर्भातल्या मे महिन्याबद्दल मी वेगळं काय सांगणार! आधी माझ्या मागे बघा.

(कॅमेरा खुराड्याकडे)

सगळ्या कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब सोडून सावलीत उभ्या आहेत. आणि ती चितरी भिंतीला लागून एकटीच. पाण्याचं भांडं तिच्यापासून चार पावलांवर आहे. मान वळवून बघते, एक पाय उचलते, परत खाली ठेवते. कारण भांड्याजवळ ती लाल कोंबडी उभी आहे.

ही चितरी आता म्हातारी झाली. अंडी जवळजवळ थांबलीत, तुरा फिका पडलाय. एके काळी दाणे टाकले की पहिली चोच हिची असायची. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे प्राणीशास्त्रज्ञ थॉर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1921 साली हे पहिल्यांदा नीट मांडलं, आणि ते लहानपणापासून कोंबड्याच निरखत होते. कोंबडी आजारली, चाल मंदावली, की बाकीच्यांना ते लगेच कळतं आणि ती खाली ढकलली जाते. एरवी त्याने फार बिघडत नाही, उशिरा का होईना दाणे मिळतात. उन्हाळ्यात मात्र हीच गोष्ट जिवावर बेतते. आपण म्हणतो उन्हाने मेली. पण पुष्कळदा तिला पाण्यापर्यंत जाऊच दिलेलं नसतं.

पाण्याचं एवढं का, ते सांगतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच 41-42 अंश. हवा गार असली तर तुऱ्यातून, चोचीखालच्या लाल पाळ्यांतून, पायांतून उष्णता बाहेर जाते. पण बाहेरच 44 अंश असेल तर ती जाणार कुठे? मग धापा टाकणं हा एकच मार्ग उरतो. श्वासावाटे ओल उडते आणि अंग निवतं. म्हणजे जेवढं पाणी पोटात, तेवढीच धाप कामाची. एरवी पाव लिटरच्या आत भागणारी कोंबडी या दिवसांत अर्धा लिटरही पिते. त्यात म्हातारी कोंबडी अंगाने जड झालेली असते, पोटात चरबी साठलेली, आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

म्हणून एक मोठं भांडं ठेवू नका, तीन लहान ठेवा. आणि अशी ठेवा की एका भांड्यापाशी उभ्या राहिलेल्या कोंबडीला दुसरं दिसणार नाही. एक भिंतीच्या या अंगाला, एक त्या अंगाला, एक झाडामागे. दांडगी कोंबडी एका वेळी एकाच ठिकाणी राखण करू शकते. भांडी मातीची घ्या, त्यांत पाणी गार राहतं. प्लॅस्टिकच्या भांड्यातलं तापलेलं पाणी कोंबड्या तोंडाला लावत नाहीत. म्हातारीसाठी काठ बुटका हवा.

सावलीचंही तसंच. एकच सावली असली की तिथेही धक्काबुक्की होते. खुराड्याच्या पत्र्यावर तुरीच्या तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या पसरा, त्यावर पाणी मारा. बाजूला ओलं गोणपाट लावा, पण वारा अडवू नका. कोकणातल्या मंडळींनी गोणपाटाच्या भानगडीत पडू नये. तिथली हवा आधीच दमट, त्यात आणखी ओल झाली तर धाप वाया जाते. तिथे वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं.

दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर टाका. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, ती भर दुपारच्या उन्हात नको. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका. अंडी देणाऱ्या कोंबड्या हवा तेवढा खातील. अंडी थांबलेल्या कोंबडीला शिंपल्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, रोज जादा गेला तर मूत्रपिंडावर ताण येतो.

आता हे नीट बघा. कोंबडी खाली बसली, मान टाकली, डोळे मिटायला लागली, तर आधी उचलून सावलीत न्या. पाय साध्या गार पाण्यात बुडवा. तुरा आणि पंखांखालचा भाग ओल्या फडक्याने पुसा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका, धक्का बसतो. चोच उघडून पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा, तिचं ती पिईल. सावरली तरी संध्याकाळपर्यंत तिला डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, वेगळी ठेवा, कारण अशक्त कोंबडी कळपात परतली की टोचाटोची ठरलेली.

बरेच जण विचारतात, म्हाताऱ्या झाल्या, नव्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणू का? आणा, पण मे महिन्यात नको. नवीन पाखरू आलं की सगळी उतरंड पुन्हा नव्याने ठरते, दिवसभर पळापळ आणि मारामारी चालते, आणि या उन्हात ते म्हातारीला झेपत नाही. पाऊस पडून हवा निवली की आणा. सुरुवातीला मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा, एकमेकींना रोज दिसू द्या. आठ-पंधरा दिवसांनी जाळी काढा, तीही संध्याकाळी, सगळ्या दांडीवर चढायच्या वेळेला. आणि दांडी खाली घ्या, म्हातारीला उंच उडी जमत नाही.