शिल्लक किती महिन्यांची?

1896 साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि त्यासाठी ठिकठिकाणी फिरून वर्गणी जमवली. पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाण्याची ती रीत शहरातील लहान संस्थांनी अजूनही पुरती सोडलेली नाही. तिच्या जोडीला येणाऱ्या पैशाचे स्वरूप मात्र बदलले आहे, आणि तो बदल ताळेबंदात वाचता येतो.

ताळेबंदात पहिली ओळ बहुधा कायम निधीची असते. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे, असा दंडक असतो. उदाहरणादाखल 10 लाखांचा कायम निधी असलेली आणि मानधन, भाडे व वीजबिल मिळून महिना 40 हजार रुपये खर्च करणारी एक संस्था घेऊ. ठेवींवर 9 टक्के व्याज मिळे, तेव्हा वर्षाकाठी 90 हजार, म्हणजे सव्वादोन महिन्यांची सोय होत असे. 2020-21 मध्ये भारतीय स्टेट बँकेचा दीर्घ मुदतीचा दर 5.4 टक्क्यांवर आला आणि त्याच निधीचे व्याज जेमतेम चाळीस दिवस पुरेल एवढेच उरले. मुद्दलातला एक रुपयाही कमी झालेला नव्हता. आजीव सभासदांचे गणित तर याहून अवघड आहे: काही दशकांपूर्वी एकदाच घेतलेल्या शुल्कावर संस्था त्यांना आपल्या नियतकालिकाचा अंक पाठवत राहते, आणि अंक आला नाही तर पुणेकर सभासद विचारणा केल्यावाचून राहत नाही.

1 एप्रिल 2014 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक झाले. चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे पुण्यातील संस्थांना हा दाता जवळच होता. मात्र हा पैसा प्रकल्पाला बांधलेला असतो, त्यामुळे वार्षिक अहवालात उत्पन्न फुगलेले दिसते आणि खजिनदार त्याच महिन्यात जागेच्या भाड्यासाठी एखाद्या हितचिंतकाला गाठत असतो. शिल्लक साठवावी म्हटले, तर करसवलत टिकवण्यासाठी उत्पन्नाचे 85 टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. उरलेल्या 15 टक्क्यांहून अधिक राखायचे असल्यास हेतू लेखी कळवावा लागतो.

म्हणूनच अनुभवी विश्वस्त एकूण उत्पन्नाच्या आकड्यावर रेंगाळत नाहीत. हाताशी असलेल्या रकमेतून कायम निधी व प्रकल्पांचे पैसे वजा करून ते उरलेल्या रकमेला महिन्याच्या खर्चाने भागतात. आपल्या उदाहरणातील संस्थेकडे 31 मार्चला असे 1 लाख 20 हजार रुपये उरले असतील, तर ते जूनअखेरपर्यंत पुरतात.