वेग कमी आला, पण नेमका किती?

नमस्कार मंडळी. नेटवर्कचा वेग मोजला आणि कमी भरला, की हात लगेच केबलकडे जातो. त्याआधी आकडा नीट वाचा. दोष कुठे आहे हे पुष्कळदा त्या आकड्यातच दिसतं.

गिगाबिट इथरनेटवर आयपर्फ३ने (दोन मशीनमधला वेग मोजणारं साधन) सेकंदाला ९४१ मेगाबिट दाखवले, तर काहीच बिघडलेलं नाही. १५०० बाइटच्या प्रत्येक पॅकेटपायी तारेवर १५३८ बाइटची जागा जाते: फ्रेम सुरू होत असल्याची खूण म्हणजे प्रिअँबल ८, पत्ते असलेलं हेडर १४, चूक पकडणारा चेकसम ४ आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा १२. त्या १५०० मधूनही आयपी आणि टीसीपीच्या हेडरचे ४० आणि टाइमस्टँपचे १२ वजा करा. खरा डेटा उरतो १४४८. भागाकार करून पाहा, ०.९४१ येतो. फाइल कॉपी करताना विंडोज ११२ दाखवतं, तेही हेच; फक्त ते मेगाबाइट असतात, आणि विंडोजचा मेगाबाइट १०२४ × १०२४ बाइटचा असतो.

९४ आले, तर लिंक १०० मेगाबिटवर बसली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. कनेक्टर क्रिंप करताना, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवताना, ४, ५, ७ किंवा ८ नंबरच्या पिनची तार नीट बसली नाही, की बरीच कार्डं काही न सांगता खालच्या वेगावर उतरतात. लिनक्सवर एथटूल ही कमांड चालवा, वेग तिथेच लिहिलेला असतो.

दहा गिगाबिटचं कार्ड ४ च्या आत अडकलं, तर स्लॉट पाहा. पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या एका लेनमधून, म्हणजे स्लॉटच्या एका डेटा-मार्गिकेतून, त्याहून जास्त जातच नाही, आणि काही मदरबोर्डांवर दिसायला लांब असलेल्या स्लॉटलाही आतून एकच लेन जोडलेली असते. स्लॉट बरोबर असेल, तर प्रोसेसरचा एखादा कोर १०० टक्क्यांवर गेलाय का ते बघा. आयपर्फच्या ३.१६ आधीच्या आवृत्त्यांत डॅश कॅपिटल पी देऊन कितीही प्रवाह उघडले, तरी सगळे एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर, चालत. तेव्हा आवृत्ती तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आता दूरच्या सर्व्हरकडे वळू. इथे लोक सर्वांत जास्त चकतात. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागत असतील आणि टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी वाटेत राहू शकणारा डेटा) ६४ किलोबाइट असेल, तर वेग ५ मेगाबिटच्या आसपासच राहणार, मग लाइन कितीही जाड घ्या. गिगाबिट भरायला त्या अंतरावर १२.५ मेगाबाइट डेटा वाटेत असावा लागतो. बफर तेवढा वाढू देतोय का, हे दोन्ही टोकांना पाहावं लागतं.

विंडो मोठी असूनही वेग चढत नसेल, तर पॅकेटगळती शोधा. दहा हजारांत एक पॅकेट हरवलं, तर १०० मिलिसेकंदांवर टीसीपीची वेग आवरण्याची जुनी रीनो पद्धत साधारण १४ मेगाबिटवर थांबते. तिच्यानंतरची क्युबिक थोडी पुढे जाते, इतकंच. तीच गळती १ मिलिसेकंदाच्या लॅनवर जाणवतसुद्धा नाही. म्हणून मळलेला फायबर कनेक्टर ऑफिसमधल्या चाचणीत पास होतो आणि दूरच्या शाखेचा बॅकअप मात्र रात्रभर रखडतो. ‘लॅनवर तर पूर्ण वेग येतो’ हा लाइन निर्दोष असल्याचा पुरावा मानू नका. स्विचच्या पोर्टवरचा सीआरसी एररचा, म्हणजे चेकसम न जुळलेल्या फ्रेमचा, काउंटर वाचा, दहा मिनिटांनी पुन्हा वाचा. वाढला असेल तर कनेक्टर पुसा, केबल बदला.

चाचणी किमान ३० सेकंद चालवा आणि डॅश कॅपिटल ओ देऊन सुरुवातीचे ३ सेकंद गाळा, कारण टीसीपी तेव्हा वेग पकडत असतं. मग डॅश कॅपिटल आर देऊन उलट दिशाही मोजा. एरवी क्लायंट फक्त पाठवतो, आणि तक्रार बहुधा डाउनलोडची असते.

यूडीपीच्या (पोच न मागता पाठवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) चाचणीत १.०५ मेगाबिट दिसले, तर तो लाइनचा वेग नव्हेच. आयपर्फ३ यूडीपीला मुळात तेवढंच पाठवतं. डॅश बी देऊन दर टप्प्याटप्प्याने चढवा आणि गळती कुठे सुरू होते तो आकडा टिपून ठेवा.