पाणसुरुंगाचा शोध, आभाळातून

(दृश्य: अंधारातला समुद्र, युद्धनौकेची आकृती)

१८ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू आहे. इराणच्या आखाताचं उत्तर टोक. पहाटेच्या अंधारात 'ट्रिपोली' या अमेरिकी युद्धनौकेला पाणसुरुंग लागतो आणि तिच्या पोलादी अंगाला भगदाड पडतं. काही तासांतच 'प्रिन्स्टन' ही दुसरी युद्धनौकाही सुरुंगांत सापडते. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीबच. आणि ट्रिपोली तिथे आली होती कशासाठी? सुरुंग काढायला! त्या मोहिमेची हेलिकॉप्टरं तिच्याच डेकवरून उडत होती.

(दृश्य: साखळीला बांधलेला सुरुंग)

हा सुरुंग पाहा. तळाशी वजन, वजनाला साखळी, साखळीच्या टोकाला स्फोटकांनी भरलेला गोळा. तो पृष्ठभागाच्या जरा खाली राहतो. डेकवरून दिसत नाही, जहाजाच्या पोटाला मात्र बरोबर लागतो. जहाजावरच्या सोनारने, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्यातल्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राने, त्याला शोधायचं, तर आधी त्याच्या जवळ जावं लागतं.

त्यापेक्षा वरून शोधला तर?

(दृश्य: हेलिकॉप्टर, हिरवा झोत)

हेलिकॉप्टरमधून निळसर-हिरव्या लेझरचे झोत सुटतात. लाल प्रकाश समुद्र पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतो. निळा-हिरवा खोलवर पोचतो. पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर. म्हणजे एक मीटर खाली जाऊन परत यायला साधारण ९ नॅनोसेकंद, सेकंदाचे अब्जांश ९ भाग! आधी पृष्ठभागावरून उजेड परततो, मागोमाग सुरुंगाच्या पत्र्यावरून. मधला वेळ मोजला की खोली कळते. सुरुंगाच्या खालच्या पाण्यातून मात्र काहीच परत येत नाही. चित्रात तिथे त्याची काळी सावली उमटते.

'मॅजिक लँटर्न' नावाची अशी यंत्रणा त्याच युद्धात प्रायोगिक स्वरूपात आखातात वापरली गेली. आज अमेरिकी नौदलाच्या एमएच-६०एस हेलिकॉप्टरच्या कुशीला अशी यंत्रणा बसवतात. यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शोध चालू असताना एकाही खलाशाला सुरुंगांच्या पाण्यात उतरावं लागत नाही.

(दृश्य: गढूळ लाटा)

पण पाणी नितळ हवं. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या गाळाच्या पाण्यात हा उजेड थोड्याच अंतरात विखरून जाईल. तळाशी बसलेल्या सुरुंगांसाठी सोनारच लागतो. शिवाय मासेही चकवतात. म्हणून संशयास्पद चित्र माणूस पुन्हा तपासतो, आणि मगच सुरुंग निकामी करणारं पथक निघतं.