सावंतवाडीचे हळदणकर मास्तर

नमस्कार श्रोतेहो.

म्हैसूरला गेला असाल, तर जगनमोहन पॅलेसच्या चित्रसंग्रहालयात एका चित्रापुढे तुमचे पाय नक्की थबकले असतील. अंधारात उभी असलेली एक स्त्री. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीला आडोसा करून धरलेला, आणि बोटांतून पाझरलेला उजेड थेट तिच्या चेहऱ्यावर. विजेरीवर तळवा ठेवला की आपली बोटं कशी आतून लालसर दिसतात, अगदी तशी तिची बोटं दिसतात. 'ग्लो ऑफ होप' हे त्या चित्राचं नाव. मी ते पहिल्यांदा बघत होते तेव्हा शेजारी एक मराठी कुटुंब उभं होतं. वडील मुलीला सांगत होते, "रविवर्म्याचं आहे हे." मला राहवेना. म्हटलं, "नाही हो, हे आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं!"

सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म 1882 चा. लाकडी खेळण्यांच्या आणि गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या, गावातून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले. राजा रविवर्मा 1906 मध्येच गेले होते. हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं. दिवा घेऊन उभी आहे ती हळदणकरांची कन्या गीता. पुढे त्या कोल्हापुरात राहिल्या आणि 102 वर्षं जगल्या.

आणि हे चित्र जलरंगातलं आहे, बरं का! ज्यांनी जलरंग हाताळलेत त्यांच्या अंगावर हे ऐकूनच काटा येईल. तैलरंगात चुकलं तर खरवडता येतं, वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. जिथे प्रकाश हवा ती जागा पहिल्यापासून राखायची आणि भोवतीचा काळोख एकेक पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, देत गडद करत न्यायचा. वॉश ओला असताना घाई केली की सगळा चिखल.

एवढी विद्या हाताशी असलेला माणूस ती मुठीत झाकून बसला असता, तरी कुणी नावं ठेवली नसती. हळदणकरांनी मात्र 1908 मध्ये, वयाच्या पंचविशीत, मुंबईत चित्रकलेचा क्लास काढला, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. दहा वर्षांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. मला या माणसाचं मोठेपण तिथे दिसतं. शिकवायचं म्हणजे स्वतःच्या चित्राचे तास दुसऱ्याच्या चित्राला द्यायचे. दिवसाचा चांगला उजेड मोजकाच असतो, हे चित्रकाराइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी शिकले ते सरही असेच शिकवणारे. टेबलावर एक पितळेची लोटी आणि एक वांगं मांडायचे. ब्रश उचलायच्या आधी विचारायचे, "सगळ्यात काळं कुठे आहे? आणि सगळ्यात उजळ?" मी चटकन लोटीच्या कडेकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "डोळे किलकिले करून बघ." बघितलं, तर खरा लख्ख ठिपका वांग्याच्या काळ्या सालीवर होता! माझ्या कागदाला सरांनी कधी ब्रश लावला नाही. शेजारी बसून स्वतःच्या कागदावर तेच रंगवायचे, कुठला रंग कशात मिसळला ते मोठ्याने सांगत. पाणी किती घेतलं, तेसुद्धा. माझ्या हातून बिघडलेले कागद ते जपून ठेवायचे आणि महिन्याभराने नव्या कागदाशेजारी मांडून दाखवायचे.

हळदणकर 1968 मध्ये गेले. त्यांच्या चित्राची छापील प्रत आजही कितीतरी घरांत भिंतीवर आहे आणि खाली नाव बहुधा नसतंच. तुमच्या घरी असेल, तर आज एवढं करा: फ्रेम उतरवून मागच्या बाजूला पेनाने लिहा, सा. ल. हळदणकर, सावंतवाडी.

नमस्कार.