पाणी कुठवर येतंय?

[दृश्य: कोल्हापूर, शुक्रवार पेठ, घराची आतली भिंत]

हा भिंतीवर पुसट पट्टा दिसतोय ना, देवीच्या फोटोच्या जरा वर, रंगाचे दोन हात मारले तरी खालनं उठून दिसतोय, तो 2019 च्या पुराचा. ऑगस्ट महिना. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर गेलं की धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या साली ते 55 च्या वर गेलं. असलं पाणी जन्मात एकदाच येतंय असं म्हणून सगळ्यांनी चिखल काढला, गाद्या टाकून दिल्या, आणि 2021 च्या जुलैत परत आलं, ते 56 च्या वर. दुसरा पट्टा कपाटाच्या मागं आहे. कपाट हलवून शूट केलंय, आक्कांनी दोनदा चहा पाजला त्यासाठी.

या घरातल्या थोरल्याला, म्हणजे दादाला, घर घ्यायचं होतं. इथं नाही, विरारला.

[दृश्य: शिरोली एमआयडीसी, मशीन शॉप, व्हीएमसीवर (धातू कापून आकार देणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशीनवर) काम]

आता कोल्हापूरचा माणूस विरारला का, तर त्याचं कारण हे मशीन. शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये हात बसलेली पोरं मुंबईच्या आसपास कुठंही चालतात. दादाला वसई पूर्वेला काम लागलं, तिथं वालीव-सातिवली-गोखिवरे असा कारखान्यांचा अख्खा पट्टाच आहे. वहिनी अंधेरीला अकाउंट्स बघतात. म्हणजे विरार दोघांच्या हिशोबात बसलं, चर्चगेटपासनं 60 किलोमीटर, पण लोकल तिथनंच सुटते त्यामुळं बसायला जागा मिळण्याची निदान आशा तरी असते. आणि खरं कारण म्हणजे भाव. अंधेरी सोडा, बोरिवलीतसुद्धा त्यांच्या पगारात एक खोली येत नव्हती.

[दृश्य: आबा, चष्मा, फायलींचा गठ्ठा]

हे आबा. पतसंस्थेच्या कर्ज विभागात आयुष्य गेलं, कागद उलटा धरून तो खरा की खोटा ओळखणारा माणूस. दादानं पहिल्यांदा फ्लॅटचं ब्रोशर व्हॉट्सअपवर पाठवलं, स्विमिंग पूल, नारळाची झाडं, निळंशार आकाश. आबांनी ते बघितलं आणि फोनवर एवढंच विचारलं, पाणी कुठवर येतंय?

दादा म्हणाला, समुद्र लांब आहे आबा.

आबा म्हणाले, नदी पण लांबच होती की.

[दृश्य: जयंती नाला, शाहूपुरी, कुंभार गल्ली, गणपतीच्या मूर्ती]

हे ज्यांना कळलं त्यांना निम्मं घर घेणं कळलं, म्हणून इथं जरा थांबतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, पूर म्हणजे नदी काठ सोडून समोरनं चालत येते. शाहूपुरीतल्या कुंभारांना विचारा. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत शिरतच नाही, उलटं मागं सरकतं आणि गल्लीत येतं. मूर्ती उचलून वर न्यायची धावपळ दरवर्षीची. नदी दिसतही नाही तिथनं, पण पाणी आलेलं असतं. म्हणून आबांचा नियम असा, की नदी किती लांब ते विचारू नका, नाला कुठाय ते विचारा.

[दृश्य: दादर, लोकल, विरार स्टेशनवरची गर्दी]

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर, दादरला उतरून वेस्टर्नची लोकल. तारीख आबांनी मुद्दाम जुलैतली काढली होती आणि ती पण कॅलेंडरवर अमावस्या बघून. ब्रोकर म्हणत होता, काका, दिवाळीत या, आत्ता चिखल आहे. चिखलच बघायला आलोय, असं उत्तर मिळालं त्याला.

अमावस्या का, तर उधाण. अमावस्या आणि पौर्णिमेला समुद्राची भरती सगळ्यात मोठी असते. वसई-विरारचं पावसाचं पाणी नाल्यांतनं खाडीत नाहीतर समुद्रात जातं, आणि मोठी भरती चालू असेल तर त्या नाल्यांची तोंडं बंद झाल्यासारखीच असतात. वरनं पाऊस, समोरनं भरती, मग पाणी जाणार कुठं. जयंती नाल्याचीच गोष्ट, फक्त पंचगंगेच्या जागी अरबी समुद्र.

[दृश्य: अर्नाळा किनारा, होड्या, जाळी, कोळीणमावशी]

अर्नाळ्याला या मावशींनी आबांना भरतीचं गणित शिकवलं आणि आबा अजून ते सगळ्यांना सांगत सुटलेत. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, अंदाजे तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पंचमीला पावणेचारच्या आसपास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढं. थोडं मागंपुढं होतं, पण मोबाईलशिवाय एवढं जमतंय म्हटल्यावर आबा खुश. मागं पाण्यात दिसतोय तो अर्नाळ्याचा किल्ला. तिथं जायला होडी लागते, आम्ही गेलो नाही, पावसात होडी बंद होती.

[दृश्य: आगाशी, नंदाखाल, केळीच्या बागा, बैठी कौलारू घरं]

आणि हे पण विरारच आहे, पश्चिमेचं. केळी, पानवेली, फुलं, विहिरी. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, ती इथलीच. या पट्ट्यात वाडवळ, सामवेदी, कोळी, ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या बागायत करतोय. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र करून महापालिका झाली तेव्हा बऱ्याच गावांनी विरोध केला, आम्हाला शहर नको म्हणून. तो वाद पुढं कैक वर्षं कोर्टात चालला. आपण जे स्वस्त घर म्हणतो ते कुणाच्या तरी भातखाचरावर नाहीतर मिठागरावर उभं असतं, आणि भातखाचर म्हणजे पावसाचं पाणी थांबायची जागा. ती भरली की पाणी दुसरी जागा शोधतं. 2018 च्या जुलैत शोधलीच, वसई-नालासोपारा पाण्यात, लोकल बंद, लाइट नाही, मिठागरातली माणसं अडकून पडलेली. हे ब्रोकरनं सांगितलं नाही. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यानं सांगितलं, कुठल्या सोसायटीत कमरेएवढं होतं आणि कुठल्या कोरडी ते नावानिशी.

[दृश्य: आबा छत्री घेऊन नाल्याच्या कडेनं, मागं दादा, त्याच्या मागं ब्रोकर]

हा आमचा सगळ्यात आवडता शॉट आहे. पुढं आबा, मागं दादा, सगळ्यात मागं पांढरे बूट घातलेला ब्रोकर. 'स्टेशनपासून 10 मिनिटं' असं ज्या फ्लॅटचं वर्णन होतं तिथं चालत जायला यांना त्याच्या तिप्पट वेळ लागला. पहिली इमारत नाल्याच्या वळणावर, पार्किंगमध्ये शेवाळ. नको. दुसरीचा तळमजला रस्त्यापेक्षा खाली, कारण रस्ता दरवर्षी वर चढतो आणि घर आहे तिथंच राहतं. नको. तिसरी बरी होती, खाली सगळं पार्किंग, घरं पहिल्या मजल्यापासनं, नाला मागं सोडून जमीन जरा चढाची. आबांनी वॉचमनला विचारलं, टँकर किती येतात?

[दृश्य: टँकर, पाइप, प्लॅस्टिकचे ड्रम]

आता हे दुसरं पाणी. इथं पावसाळ्यात घरात शिरतंय आणि उन्हाळ्यात नळाला येत नाही, अशी गंमत. म्हाडाच्या कोकण मंडळानं विरार-बोळींजला हजारो घरं बांधली, सरकारी घरं, कागद स्वच्छ, तरी सोडत काढून काढून घरं शिल्लक राहायची, आणि त्याचं एक मोठं कारण हेच होतं, पाणी. मग सूर्या प्रकल्प आला, पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीचं पाणी, एकूण योजना रोज 403 दशलक्ष लिटरची, त्यातलं 185 वसई-विरारला आणि बाकीचं मीरा-भाईंदरला. 2023 च्या शेवटाला ते वसई-विरारला यायला लागलं. फरक पडला, लोक सांगतात. पण पाणी शहरात आलं म्हणजे आपल्या टाकीत आलं असं नाही, म्हणून सोसायटीचं टँकरचं बिल मागायचं, मागच्या मे महिन्याचं. आबांनी मागितलं. सेक्रेटरी आधी चिडले, मग दाखवलं.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, कागद पसरलेले, क्लोजअप]

कागदांचा भाग लांब आहे, कंटाळा आला तरी बघा.

महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नंबर मोफत तपासता येतो, साइटवर टाकला की प्रकल्प समोर. पण नंबर आहे म्हणून सगळं खरं असं समजू नका, डोंबिवलीकडं 65 इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून रेराचे नंबर मिळवल्याचं उघड झालं होतं. म्हणून बांधकाम परवानगी, म्हणजे सीसी, तिचा नंबर घेऊन थेट महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं. इमारत जुनी असेल तर कागद सिडकोचा, म्हणजे शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा निघेल, दचकायचं नाही, महापालिका यायच्या आधी तिथलं नियोजन सिडकोकडं होतं. मग बिगरशेतीचा आदेश, जमिनीचा सातबारा, मंजूर नकाशा, आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ओसीवर आबा अडून बसले. ब्रोकर म्हणाला, इकडं कुणी ओसी बघत नाही काका. आबा म्हणाले, म्हणून तर बघायचंय.

विकास आराखड्यात ती जागा कशासाठी राखीव आहे हे बघणं तर राहतंच लोकांचं. नालासोपारा पूर्वेला डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी त्यात घरं घेतली, पैसे मोजून, आणि कोर्टाच्या आदेशानं 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या. माणसं रस्त्यावर. आणि किनारा जवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवर बांधकामाला बंधनं असलेल्या पट्ट्याचा नकाशा, त्यावर भरती रेषा असते. आपल्याकडं पूररेषेचे नकाशे असतात, 25 वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांची लाल, तसंच हे, फक्त समुद्राचं. आबांनी तो नकाशा मोठा प्रिंट करून घेतला. झेरॉक्सवाला विचारत होता, कुठला किल्ला आहे म्हणून.

अजून एक, रेराच्या कायद्यानं रजिस्टर करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. यांना पहिल्या एका ठिकाणी थेट 25 मागितले होते, तेही अर्धे रोख. तिथनं उठून आले. शेवटी घेतलं ते रिसेलचं, म्हणून मूळ मालकाचे आधीचे सगळे करार, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र अशी साखळी लावून बघितली. मधला एक करार सापडत नव्हता, त्यात तीन आठवडे गेले. एकट्या वहिनींच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते महाराष्ट्रात. आक्का म्हणाल्या, मग विचार कसला करताय. घर वहिनींच्या नावावर आहे.

[दृश्य: विरार, तिसरा मजला, दाराला तोरण, जीवदानीचा डोंगर]

कर्ज 20 वर्षांचं आहे, हप्ता दोघांच्या पगारातनं जातो, वहिनींचे रोजचे तीन-साडेतीन तास लोकलमध्ये जातात. आबा आणि आक्का कोल्हापुरातच राहिले.

[दृश्य: विरार, पाऊस, खिडकीतनं नाला]

पहिल्या पावसाळ्यात खालच्या रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आलं. हा व्हिडिओ दादानं मोबाईलवर काढून पाठवलाय म्हणून हलतोय. पार्किंगच्या उतारावरच थांबलं, वर आलं नाही. आबांनी तिथी विचारली, तर त्या दिवशी अष्टमी होती. म्हणजे खरी परीक्षा अजून झालेली नाही, असं त्यांचं म्हणणं. पौर्णिमेला मुसळधार लागला की फोन कर, असं सांगून ठेवलंय.

[दृश्य: शुक्रवार पेठ, आबांच्या दारात चपला, आत चार-पाच माणसं]

उचगाव, गडमुडशिंगीकडं प्लॉट घेणारी गल्लीतली माणसं आता आबांकडं फायली घेऊन यायला लागलीत. फी नाही. चहा स्वतःचा स्वतः आणायचा, असं आक्कांनी जाहीर केलंय. त्यातल्या एका प्लॉटच्या नकाशात ओढा होता आणि जागेवर नव्हता. तो ओढा आम्ही शोधला, शूट पण केलाय, पण तो दुसऱ्या भागात टाकतो, इथं मावत नाही.