शिआनच्या तटावर सायकल: पावणेचौदा किलोमीटर, पण घाई करू नका

नमस्कार मंडळी! ही सायकल मागे दिसतेय ना, ती जिथे उभी आहे तो रस्ता नाहीये. ती भिंत आहे, म्हणजे भिंतीचा माथा, आणि मी आत्ता जमिनीपासून 12 मीटर वर उभी राहून तुमच्याशी बोलतेय. चीनमधलं शिआन. ह्युएन त्संग आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलाय, तो ज्या शहरातून भारताकडे निघाला आणि 645 साली पोथ्या घेऊन जिथे परत आला, ते चांगआन म्हणजेच आजचं शिआन.

या तटाचा पूर्ण घेर साधारण 13.7 किलोमीटर आहे आणि तो कुठेही न तुटता अख्खा सायकलवर फिरता येतो. मला विचाराल तर तो सायकलवरच फिरायला हवा. चालत निघालात तर अर्ध्यात पाय बोलायला लागतात आणि लक्ष भिंतीवरून उडतं, आणि वर बॅटरीवाल्या गाड्याही असतात पण त्यातून सगळं भर्रकन निघून जातं. सायकलच्या स्पीडला ही भिंत कळते.

आधी एक गोष्ट सांगते, जी मला इथे येईपर्यंत नीट लक्षात आली नव्हती. उंची 12 मीटर, माथ्यावरची रुंदी 12 ते 14 मीटर आणि पायाशी 15 ते 18. म्हणजे ही भिंत उंच आहे त्याहून जास्त जाड आहे! किल्ले फिरणाऱ्यांना फांजी माहीत असते, तटावरून पहारेकरी फिरायची ती वाट, तर इथली फांजी इतकी रुंद आहे की चार-पाच सायकली शेजारी शेजारी आरामात जातात.

एवढी जाड का, तर आतून ही भिंत मातीची आहे. मिंग राजवटीचा पहिला बादशहा हाँगवू, त्याच्या काळात 1370 ते 1378 मध्ये हे काम झालं, आणि तेव्हा मातीचे थर टाकायचे, धुमसाने ठोकून ठोकून दगडासारखे घट्ट करायचे, मग त्यावर पुढचा थर. अगदी खालच्या थरात माती, चुना आणि चिकट तांदळाची पेज असं मिश्रण घातलंय. मातीची भिंत उभी राहायची तर ती पायाशी पसरटच लागते, बारीक केली तर ढासळणार. आज ज्या विटा दिसतात त्या 1568 मध्ये बाहेरून चढवल्या, तोपर्यंत जवळजवळ 200 वर्षं नुसती मातीच होती. आणि पाणी हा मातीचा खरा शत्रू, म्हणून आतल्या बाजूने खाली बघाल तर ठरावीक अंतरावर विटांच्या पन्हळी उतरलेल्या दिसतात, वरचं पाणी मुरायच्या आत बाहेर काढायला. मला ते फार आवडलं, लढाईच्या गोष्टी सगळे सांगतात पण भिंत टिकली ती या पन्हळींमुळे.

बरं, आता निघूया. मी दक्षिण दरवाजातून चढले, त्याचं नाव योंगनिंग, म्हणजे कायमची शांतता. तिकीट 54 युआन होतं आणि एकट्याची सायकल 45 युआन, वेळेच्या हिशोबाने, वर डिपॉझिट वेगळं. दोघांची जोडसायकलही मिळते. पैसे शक्यतो फोनमधल्या अलीपे किंवा वीचॅटने, ते भारतातूनच सेट करून या, पासपोर्ट जवळ ठेवा, आणि सायकल परत कुठल्या दरवाजाला देता येते ते घेतानाच विचारा.

पण सायकल घ्यायच्या आधी दरवाजाशी दहा मिनिटं थांबा ना प्लीज. मुख्य दरवाजापुढे भिंतींनी वेढलेला एक चौक आहे. शत्रूने बाहेरचा दरवाजा फोडला तरी तो शहरात येत नाही, तो या चौकात येतो, आणि चारही बाजूंनी वर धनुर्धारी उभे. चिनीत याला म्हणतात वंगचंग. चंग म्हणजे कोट आणि वंग म्हणजे रांजण. रांजणकोट! आत शिरायचं तोंड अरुंद आणि एकदा आत पडलं की बाहेर पडणं मुश्किल, एका शब्दात अख्खी युद्धनीती आली.

मी घड्याळाच्या काट्याप्रमाणे पश्चिमेकडे निघाले, म्हणजे चर्या, तटाच्या माथ्यावरचे ते दात्यांसारखे कंगोरे, डाव्या हाताला राहतात. बाहेरच्या बाजूला चर्या, एकूण 5,984, आणि आतल्या बाजूला बुटका साधा कठडा. दर 120 मीटरवर भिंत बाहेर येते, चौकोनी बुरूज, असे 98 आहेत आणि चिनीत त्यांना घोड्याचं तोंड म्हणतात. आता 120 च का? तटाच्या अगदी पायाशी येऊन चिकटलेला माणूस वरून दिसत नाही, त्याला बाजूने मारावं लागतं, आणि दोन बुरुजांच्या मध्ये 120 मीटर म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 60, तेवढ्यात बाण नेमका लागतो. सायकलवर हे अंगात भिनतं बघा, थोडं पॅडल मारलं की बुरूज, परत थोडं की बुरूज.

नैऋत्य कोपऱ्यावर मात्र नक्की उतरा. बाकीचे तीन कोपरे चौकोनी आहेत, हा एकच गोल. कारण ही भिंत कोऱ्या जमिनीवर उभी नाही, खाली तांग राजवटीच्या, म्हणजे ह्युएन त्संगच्या काळातल्या राजनगरीचा तट आहे, मिंग लोकांनी तोच धरला आणि उत्तरेला नि पूर्वेला वाढवला, हा कोपरा जुन्या जागेवरच राहिला. आणि ती राजनगरी म्हणजे अख्खं चांगआन नव्हे, तिच्या बाहेर शहराचा मोठा तट होता, तब्बल 36 किलोमीटरच्या आसपास घेराचा! पावणेचौदा किलोमीटर फिरून मांड्या भरून आल्या की त्या 36 चा अंदाज येतो.

पश्चिम दरवाजाला बाणांचा मनोरा बघा, चार ओळींत नुसत्या खिडक्या. वायव्य कोपऱ्यात आतल्या बाजूला खाली ग्वांगरेन मंदिर, 1705 मधलं तिबेटी बौद्ध मंदिर, वरून त्याची छपरं छान दिसतात. उत्तरेची बाजू रटाळ आहे, खरं सांगते, तिथे भराभर पॅडल मारा, पण रेल्वे स्टेशनसमोर पायाखालचा भाग नवा आहे हे ध्यानात ठेवा, तिथे भिंत तुटलेली होती, ती या शतकाच्या सुरुवातीला जोडली.

पूर्वेकडे मी एका बुरुजावर बरीच बसले. 1926 मध्ये या शहराला वेढा पडला होता, सुमारे 8 महिने. तोफा-बंदुकांचा जमाना आणि भिंत साडेपाचशे वर्षं जुनी, तरी ती पडली नाही. आत मात्र माणसं उपासमारीने गेली, हजारोंनी. पुढे जपानी बॉम्बहल्ले झाले तेव्हा लोकांनी याच तटाच्या मातीत भुयारं खोदली आणि त्यात लपले. बीजिंगचा तट गेल्या शतकात जवळपास सगळा पाडला गेला, इथलाही पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या, पण 1961 मध्ये याला राष्ट्रीय संरक्षण मिळालं आणि 1983 पासून मोठी दुरुस्ती झाली.

थोडं कामाचं. विटा खडबडीत आहेत, हातांना झिणझिण्या येतात, सीट नीट बघून घ्या. वर सावली जवळजवळ नाही, उन्हाळ्यात टोपी आणि पाणी हवंच. न थांबता दीड तासात फेरी होते, पण माझ्यासारखं उतरत बसणार असाल तर तीन तास धरा. मी दुपारी उशिरा निघाले होते, दक्षिण दरवाजाला परत पोचले तेव्हा कंदील लागत होते आणि खाली खंदकाच्या काठच्या बागेत आजी-आजोबांचा व्यायाम सुरू होता, अगदी तटाला टेकून.